चारुदत्तराव टेक्सासचे होतात

पुतण्याच्या वास्तुशांतीला चारुदत्तराव देवस्थळी मिशिगनमधल्या ट्रॉयहून टेक्सासमधल्या प्लेनोला गेले नसते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण २००५ च्या ऑक्टोबरात ते गेले, सुचित्राबाईंना घेऊन गेले, आणि जेवणं झाल्यावर यतीनने हौसेने त्यांना घर दाखवायला घेतलं.

घर दाखवता दाखवता पाऊण तास गेला. खाली चार खोल्या, वर चार खोल्या, आणि एक खोली तर नुसतीच, कशासाठी आहे ते यतीनलाही सांगता येईना. चारुदत्तराव प्रत्येक दारात थांबून मान डोलवत होते आणि मनातल्या मनात विचार करत होते, की ह्या पोराला अमेरिकेत येऊन सात वर्षं झाली आणि मला एकोणतीस. मी गिअरबॉक्स बनवून डेट्रॉइटची अर्धी मोटारदुनिया चालती ठेवली. मग हे कसं काय?

"काका, आमच्याकडे स्टेट टॅक्स नाही ना," यतीन म्हणाला.

"नाही म्हणजे? कमी आहे?"

"कमी नाही. नाहीच." यतीनने पगाराची पावतीच आणून दाखवली. केंद्र सरकारचा कर जिथल्या तिथे होता. त्याखाली जिथे राज्याचा कर असायला हवा तिथे कोरं होतं.

आता चारुदत्तरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. अमेरिकेत केंद्राचा कर सगळ्यांना सारखा आणि राज्याचा ज्याचा त्याचा, हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं. पण सहारा नावाचं वाळवंट आहे हे माहीत असणं वेगळं आणि त्यात उभं राहून चटके खाणं वेगळं. ते त्या कोऱ्या जागेकडे बघत उभे राहिले. यतीन भला मुलगा, तो पुढे सांगायला लागला, की काका, इथे घरपट्टी मात्र भरमसाट आहे, दुकानातला सेल्स टॅक्सही तुमच्यापेक्षा जास्त लागतो. ते काकांच्या कानांपर्यंत पोचलं नाही. काका खाली बघत म्हणाले, "एकोणतीस वर्षं."

परतीच्या विमानात त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडलं. सुचित्राबाई डोळे मिटून बसल्या होत्या. "आपण काय मूर्ख आहोत का?" त्यांनी विचारलं. सुचित्राबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आपण?"

ट्रॉयला आल्यावर चारुदत्तरावांना ह्या विषयाचं वेडच लागलं. माणसाला गाणं लागतं, पत्ते लागतात, तसा त्यांना राज्यांचा कर लागला. कर न घेणारी सात राज्यं त्यांनी तोंडपाठ केली आणि सकाळी दाढी करताना ती म्हणू लागले. न्यू हॅम्पशायर आणि टेनेसी ही दोन राज्यं पगाराला हात लावत नाहीत पण व्याजाला लावतात, म्हणून ती शेवटी जरा खालच्या आवाजात. कुणाच्या घरी जेवायला गेलं की दुसऱ्या घासाला विषय निघायचा. कुणी कौतुकाने सांगावं, आमच्या मुलीला कॅलिफोर्नियात नोकरी लागली, की हे हळहळून म्हणायचे, "नऊ पॉइंट तीन." कुणी ऑरेगनला समुद्र बघायला गेलं होतं. फोटो बघून हे म्हणाले, "छान आहे, पण नऊ टक्के. सेल्स टॅक्स नाही म्हणून काय झालं." वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला राहणाऱ्या बाळ नावाच्या मित्राला त्यांनी मुद्दाम फोन करून विचारलं, की अरे, तुम्हा वॉशिंग्टनवाल्यांना आयकर नाही हे तू इतकी वर्षं माझ्यापासून का लपवलंस? बाळ म्हणाला, लपवलं नाही रे, पण कर भरत नाही हे फोन करून कळवण्यासारखं वाटलं नाही.

मिशिगनचा कर तेव्हा तीन पॉइंट नऊ टक्के होता. म्हणजे तसा अंगावर येण्याजोगा नव्हे. पण कोऱ्या जागेच्या मानाने तो डोंगराएवढा दिसायचा.

आणि चारुदत्तरावांची सोयही होती. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते घरून सल्लागाराचं काम करत. कुणाच्या गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला, की त्यांना फोन यायचा, ते तो आवाज फोनवर ऐकायचे आणि कुठला दाता झिजलाय ते सांगायचे. सुचित्राबाई रेडिऑलॉजिस्ट. त्याही घरबसल्या कॉम्प्युटरवर एक्सरे बघून रिपोर्ट द्यायच्या, आणि खरं सांगायचं तर दोघांत जास्त कमावणाऱ्या त्याच होत्या. "काम माझ्या डोक्यात होतं," चारुदत्तराव म्हणाले. "डोकं टेक्सासात नेऊन ठेवलं की झालं."

त्यांचे हिशेब बघणारी कांचन सबनीस ट्रॉयमध्येच ऑफिस थाटून होती. मुलगी शांत, बोलायची मोजकं. तिने काकांचं सगळं ऐकून घेतलं.

"पत्ता बदलून चालत नाही काका," ती म्हणाली. "इथलं घर विकणार आहात?"

"छे. घर कशाला विकायचं? यतीनकडे वरची खोली रिकामीच आहे. त्याला भाडं देईन."

"मग अवघड आहे. दोन घरं असली की सरकार विचारतं, ह्यातलं खरं घर कुठलं? म्हणजे तुम्ही राहता कुठे एवढंच नाही. तुमचा जीव कुठे आहे ते बघतात. आवडीच्या वस्तू कुठे ठेवल्यात, मित्र कुठले, मंडळं कुठली, आजारी पडल्यावर डॉक्टर कुठला. बाहेरगावी गेलात तर परत कुठे यावंसं वाटतं."

"हे कायद्यात आहे?"

"साधारण असंच आहे."

चारुदत्तरावांना हे फारच पटलं. ते इंजिनिअर होते. जीव कुठे आहे हा जर नुसता पुराव्याचा प्रश्न असेल, तर जीव हलवायला काय, एक ट्रक पुरे.

जानेवारीत, दारात गुडघाभर बर्फ असताना, त्यांनी ट्रक आणला. आवडीच्या वस्तू एकेक करून त्यात चढू लागल्या. मागे रेलून बसायची मोठी कातडी खुर्ची, जिच्यावर ते पंधरा वर्षं झोपी जात आले होते. कॅरमचा बोर्ड. नाट्यगीतांच्या कॅसेटी आणि त्या वाजवणारा शेवटचा जिवंत टेपरेकॉर्डर. मिरजेहून आणलेला सतारीचा भोपळा, नुसता भोपळा, कारण वरची सतार झालीच नव्हती. त्यांच्या हाताने बनवलेल्या पहिल्या गिअरबॉक्सचं एक चाक. दीड तास हे चाललं होतं. सुचित्राबाई शाल लपेटून जिन्यात चहा पीत बघत होत्या.

"आवडीच्या सगळ्या वस्तू झाल्या?" त्यांनी विचारलं.

"झाल्या." चारुदत्तराव धापा टाकत म्हणाले.

"मी कुठल्या खोक्यात आहे?"

चारुदत्तरावांनी ट्रककडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "तू काय, तू येशीलच की."

"मी कशाला येऊ? माझं इथे सगळं ठीक आहे. तुमचा जीव तिकडे गेलाय, तर तुम्ही त्याच्या मागे जा. पोचलात की फोन करा." आणि त्या कप विसळायला आत गेल्या. तीस वर्षांच्या संसारात त्या कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, आणि त्याच गोष्टीची चारुदत्तरावांना धास्ती होती.

तरी खरा घाव वेगळाच होता. ट्रॉयच्या स्नेहवर्धन मंडळाचे ते सलग अकरा वर्षं अध्यक्ष होते आणि गणपतीतलं नाटक दर वर्षी तेच बसवत. कांचनने तेही सोडायला सांगितलं. मिशिगनमधल्या मंडळाचा अध्यक्ष टेक्सासचा, असं कुठलं सरकार मानेल? चारुदत्तरावांनी राजीनाम्याच्या सभेत भाषण केलं. त्यांची अपेक्षा होती की लोक आग्रह करतील. चंद्रशेखर कर्वे नावाचे गृहस्थ, जे अकरा वर्षं उपाध्यक्ष होते, ते ताबडतोब उभे राहिले आणि म्हणाले, "देवस्थळींच्या भावनांचा आपण आदर केला पाहिजे." दोन मिनिटांत ते अध्यक्ष झाले. बटाटेवडे नंतर आले.

प्लेनोत यतीन आणि त्याची बायको शिवांगी दोघांनी काकांचं प्रेमाने स्वागत केलं. शिवांगीला सातवा महिना चालू होता. बाळाचा पाळणा जिथे ठेवायचा होता तिथे कातडी खुर्ची आली, तरी ती बिचारी चहा टाकायला गेली.

चारुदत्तराव कामाला लागले. पहिल्या आठवड्यात टेक्सासचं लायसन काढलं. मग मतदार म्हणून नाव नोंदवलं, वाचनालयाचं कार्ड घेतलं, दाताचा डॉक्टर गाठला, आणि दात दुखत नसताना एक दात तपासून घेतला, कारण पावती मिळते. रुंद काठाची हॅट घेतली. टाचेचे बूट घेतले. त्या बुटांत ते जिन्यावरून उतरायला लागले, की खाली शिवांगी पोटावर हात ठेवून श्वास रोखून उभी राहायची. हॅटवरचा सेल्स टॅक्स मिशिगनपेक्षा जास्त पडला हे त्यांनी पाहिलं, पण हॅट घातल्यावर ते विसरले.

"काका, इथे हॅट घालून कुणी आयटी ऑफिसच्या बाहेर फिरत नाही," यतीन म्हणाला. "हायवेवर मी अजून एक घोडा पाहिलेला नाही."

"मी घोड्यासाठी घातलेली नाही," काका म्हणाले.

एप्रिलच्या सुमाराला त्यांना ज्युरीत बसायचं बोलावणं आलं. लोक असं पत्र आलं की कपाळाला हात लावतात. चारुदत्तरावांनी ते फ्रिजवर लावलं आणि त्याचा फोटो कांचनला पाठवला. जवळच्या मॅकिनी गावच्या कोर्टात ते हॅट आणि बूट घालून, बाकीच्यांच्या आधी तासभर पोचले. खटला दोन शेजाऱ्यांमधल्या कुंपणाचा होता. वकील एकेकाला उभं करून प्रश्न विचारत होता.

"टेक्सासमध्ये किती दिवस राहता?" त्याने यांना विचारलं.

"शरीराने जानेवारीपासून," चारुदत्तराव म्हणाले. "मनाने खूप आधीपासून. माझ्या आवडीच्या सगळ्या वस्तू इथे आहेत. बाहेरगावी गेलो तर मला इथेच परत यावंसं वाटतं. डॉक्टरही इथलाच आहे."

वकिलाने न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सर, तुम्हाला असं कुणी विचारलं का?"

"नाही, पण कोर्टात नोंद झालेली बरी."

दोन्ही बाजूंच्या वकिलांचं त्या दिवशी एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे देवस्थळींना घरी पाठवावं. बाहेर आल्यावर त्यांनी कारकुनाकडून हजेरीची चिठ्ठी मात्र मागून घेतली.

दरम्यान शिवांगीचे दिवस भरत आले होते. तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. मग जे व्हायचं तेच झालं. यतीनने काकूंना फोन केला, आणि जी बाई टेक्सासला येणार नाही म्हणून जिन्यात उभी होती, ती दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू आणि लॅपटॉप घेऊन हजर झाली. चारुदत्तराव खूश झाले. बायको आली म्हणजे पुरावा भक्कम.

मुलगी झाली. नाव ठेवलं उर्वी. सुचित्राबाई दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपले गुडघे दुखत नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्यांनी सकाळी चालायला जाणाऱ्या सहा बायका शोधल्या. त्यांतली एक भुसावळची, एक मदुराईची आणि एक तर अस्सल टेक्सासची, जिचा आजोबा खरोखर गुरं राखायचा. दुपारी उर्वी झोपली, की सुचित्राबाई त्या कशासाठी आहे ते माहीत नसलेल्या खोलीत कॉम्प्युटर लावून एक्सरे बघायच्या. खोलीला शेवटी काम मिळालं. वाण्याला नावाने हाक मारायला लागल्या. प्लेनोच्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्यांना पहिल्याच महिन्यात भोंडल्याची प्रमुख केलं. त्याच मंडळाने चारुदत्तरावांना, अकरा वर्षांचा अनुभव ऐकून घेऊन, नाटकाचा पडदा ओढायला दिला होता.

आणि तेवढ्यात ट्रॉयच्या घराची, घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली. म्हणजे शेजाऱ्याचा फोन आला, की तळघरात काहीतरी गुरगुरतंय. चारुदत्तराव दोन दिवसांसाठी गेले. भट्टीला काही झालं नव्हतं. पण आता आलोच आहोत तर दिवाणखान्याला रंग देऊन टाकू म्हणून ते दोन आठवडे राहिले. मग हिरवळ वाढली. हिरवळ कापायला माणूस मिळत होता, पण त्याला कडा नीट काढता येत नाहीत. मग पन्हळी तुंबल्या. मग ऑगस्टमध्ये चंद्रशेखर कर्वे बसवत असलेल्या नाटकाच्या तालमीला ते सहज डोकावले. तिसऱ्या अंकात नायिका उजवीकडून येत होती आणि ती डावीकडून यायला पाहिजे होती. हे बघून जो माणूस परत जाऊ शकतो, त्याला माणूस म्हणायचं का? ते मागच्या खुर्चीवर बसून रोज तालीम बघू लागले. काही बोलत नसत. फक्त नायिका आली की दीर्घ श्वास सोडत. आठव्या दिवशी चंद्रशेखरनी वैतागून तिला डावीकडून आणलं.

कातडी खुर्ची प्लेनोत होती, म्हणून ट्रॉयला त्यांनी तशीच दुसरी विकत घेतली.

२००६ सालचं रिटर्न भरताना कांचनने विचारलं, "काका, दोघंही टेक्सासचे म्हणून भरू ना? तुमचं मिशिगनला येणं किती होतं?"

"येऊन-जाऊन," चारुदत्तराव म्हणाले. त्यांना स्वतःला खरोखर तसंच वाटत होतं. लायसन टेक्सासचं, मत टेक्सासचं, सतारीचा भोपळा टेक्सासात. पन्हळीला कोण विचारतो?

२००७ च्या सप्टेंबरात मिशिगनच्या कर खात्याने विचारलं. पत्र सौम्य होतं. आपण दोघं स्थलांतरित झाल्याचं दिसतं, आमच्या काही शंका आहेत, अमुक दिवशी मिसेस कोवाल्स्की फोन करतील. कांचनने चारुदत्तरावांना तीन गोष्टी बजावल्या. खरं बोला. विचारलं तेवढंच बोला. ज्युरीचा किस्सा सांगू नका.

फोनच्या दिवशी चारुदत्तराव प्लेनोत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन मधोमध ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. त्यांनी हॅट घातली होती. फोनवर दिसत नाही, असं यतीनने सुचवलं. "आवाजात उतरते," ते म्हणाले. सुचित्राबाई उर्वीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होत्या. कांचन ट्रॉयहून त्याच फोनवर होती.

मिसेस कोवाल्स्की बोलायला अगदी आजीसारख्या होत्या. त्यांनी लायसन विचारलं, मतदान विचारलं, डॉक्टर विचारला. चारुदत्तराव खणखणीत उत्तरं देत होते. अर्ध्या तासात पारडं एवढं झुकलं, की यतीनने टेबलाखालून अंगठा दाखवला.

"झालंच आहे आपलं," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या. "तुमचा वेळ घेतला. आज हवा काय छान आहे इथे. पानं लाल व्हायला लागली."

"लागली का?" चारुदत्तराव म्हणाले.

"टेक्सासमध्ये तुम्हाला ते दिसत नसेल."

"इथे कुठलं दिसायला. इथे पान हिरवं असतं आणि एक दिवस ते खाली पडतं, बस. रंग म्हणाल तर आमच्या रस्त्याच्या टोकाला जो मेपल आहे ना, त्याच्यासारखा लाल मी जगात पाहिला नाही."

कांचन फोनमध्ये खोकली.

"आणि सफरचंदाच्या बागेत जाता का?" मिसेस कोवाल्स्कींनी विचारलं. "गरम डोनट मिळतात तिथे?"

"न जाऊन कसं चालेल? पण तुम्ही ते मोठ्या रस्त्यावरच्या बागेत जात असाल, तर जाऊ नका. ते डोनट सकाळीच करून ठेवतात. त्याच्या मागे एक छोटी बाग आहे, म्हातारा-म्हातारी चालवतात, तिथे जा. शनिवारी गर्दी असते, रविवारी सकाळी जा. मी गेल्या वर्षी सप्टेंबरचे चारही रविवार गेलो."

कांचनला आता डांग्या खोकला झाल्यासारखं वाटत होतं. यतीनने अंगठा काढून घेतला होता.

"ह्या रविवारी जाऊन बघते," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या.

"मग आपण भेटूच," चारुदत्तराव अगदी मनापासून म्हणाले. "मी शुक्रवारी घरी जातोय."

उर्वीने तेवढ्यात वरणभाताचा एक घास फोनवर थापला.

"घरी," मिसेस कोवाल्स्की हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखंच होतं. कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

चारुदत्तरावांनी हॅट काढून टेबलावर ठेवली. गंमत म्हणजे त्यांना वाईट वाटण्याऐवजी एकदम हलकं वाटलं. पायात रुतणारे बूट काढल्यावर वाटतं तसं. मग त्यांनी खरोखरच टेबलाखाली बूट काढले.

"आणि डॉक्टर देवस्थळी?" मिसेस कोवाल्स्कींनी विचारलं. "त्या आहेत का तिथे?"

सुचित्राबाईंनी फोनवरचा भात पुसला. "आहे, बोला."

"तुमचं लायसन?"

"अजून मिशिगनचंच आहे. बदलायला वेळच झाला नाही." कांचनने फोनमध्ये दीर्घ सुस्कारा टाकला.

"मग तुम्ही मिशिगनला परत कधी जाणार?"

"परत म्हणजे?" सुचित्राबाई गोंधळल्या. "मी तिकडे कशाला जाऊ? मे महिन्यात ह्यांना भेटायला गेले होते पाच दिवस, तर मला चहाची साखर सापडेना. माझं सगळं इथेच आहे. सकाळी माझ्या मैत्रिणी दारात येऊन उभ्या राहतात. गुडघे सुधारलेत. हे पोर मी दिसले नाही तर जेवत नाही. मला ते कायद्याचं काही कळत नाही हो, पण घर कुठलं म्हणून विचारत असाल, तर हेच."

मग मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या, की माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या स्पष्ट दोन केसेस मी पाहिल्या नाहीत.

निकाल पंधरवड्याने आला. सुचित्राबाई टेक्सासच्या, चारुदत्तराव मिशिगनचे. ज्या बाईने लायसनही बदललं नव्हतं, तिला राज्याचा कर माफ, आणि ज्याने दात तपासून घेतला, त्याला मागचा सगळा कर व्याजासकट. शिवाय त्याच सुमाराला, ऑक्टोबर उजाडताच, मिशिगनने दर वाढवून चार पॉइंट पस्तीस केला. कांचनने ही बातमी अगदी जपून सांगितली. चारुदत्तराव तेव्हा शिडीवर चढून पन्हळी साफ करत होते. "भरू," ते वरून म्हणाले. "रस्त्यावरचा बर्फ काय फुकट काढतात?"

मंडळाने त्यांना अध्यक्षपद परत दिलं नाही. चंद्रशेखर कर्व्यांना ते आवडायला लागलं होतं. नाटक मात्र परत दिलं, कारण लोकांना त्या दीर्घ श्वासांचा कंटाळा आला होता.

मग त्या दोघांचं काय झालं? लोक कुजबुजले, की देवस्थळींच्या घरात काहीतरी बिनसलंय. तसं काही नव्हतं. कांचनने सांगितलं होतं, भेटा कितीही, फक्त सुचित्राकाकूंनी ट्रॉयला आणि काकांनी प्लेनोला पाहुण्यासारखं राहावं, उगीच पुन्हा घोळ नको. तसं राहायला लागल्यावर दोघांना शोध लागला, की पाहुणा म्हणून नवरा फार चांगला असतो. चारुदत्तराव प्लेनोला जाताना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, उर्वीला खाऊ आणि बायकोला सफरचंदं घेऊन जात. सुचित्राबाई मैत्रिणींना ओळख करून देत, "हे मिशिगनचे. आमच्याकडे आलेत चार दिवस." त्यांच्यासाठी त्या मुद्दाम पुरणपोळी करत. घरच्या माणसासाठी ती त्यांनी कित्येक वर्षांत केली नव्हती.

२००८ च्या मे महिन्यात त्या ट्रॉयला आल्या. चारुदत्तरावांनी दोन दिवस घर घासलं होतं. चहाच्या साखरेचा डबा टेबलाच्या मधोमध, दुरून दिसेल असा ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली, तिच्यावर कोथिंबीर भुरभुरली आणि ती बशीत घालून बायकोसमोर ठेवली. सुचित्राबाईंनी चमचा खुपसला. खिचडीचा गोळाच्या गोळा चमच्याबरोबर उचलला गेला.

"कशी झालीय?" चारुदत्तरावांनी विचारलं.

पाहुण्याने काय बोलावं हे त्यांना ठाऊक होतं. "छान झालीय," त्या म्हणाल्या, आणि आणखी मागितली.